ओसाकाच्या पाळणाघराची वही

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं राहून गेलं, त्याची कारणं आता उगाळण्यात अर्थ नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जपानची देवळं, राजेराजवाडे, युद्धं यांची माहिती इथे शोधायला जाऊ नका. आमच्या सोसायटीतल्या तिघींची मुलं यंदा परदेशी विद्यापीठांत निघाली आहेत, आणि त्या मला जिन्यात गाठून विचारतात, "काकू, तिथे गेल्यावर काय काय करावं लागतं हो?" जिन्यात पिशवी धरून किती सांगणार? म्हणून बसून लिहिलं.

माझी मुलगी मृणाल रसायनशास्त्रात डॉक्टरेट झाली आणि तिला ओसाकाजवळच्या एका विद्यापीठात दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं. जावई समीरराव त्याच सुमारास सॉफ्टवेअर कंपनीकडून योकोहामाला. "आई, एकाच देशात आहोत ना, मग काय!" असं ते फोनवर म्हणाले खरे, पण दोन गावांमधलं अंतर पुणे-मुंबईच्या दुपटीहून जास्त निघालं. ते एक शनिवार सोडून एक शनिवार येत. नात सई दीड वर्षाची.

मी गेले ऑक्टोबर २००६ मध्ये, मृणाल आणि सईबरोबरच, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. जाण्याआधीच घरात ठरलं होतं: एवढ्या दिवसांत सई तिथल्या पाळणाघरात रुळली तर आईजवळ राहील. नाही रुळली, तर येताना मी तिला पुण्याला घेऊन यायचं, मृणालचं काम संपेपर्यंत. हे ठरवताना मृणाल अगदी शहाण्यासारखी बोलत होती. फोन ठेवल्यावर मात्र तिने लगेच पुन्हा केला आणि म्हणाली, "आई, ती मला विसरेल का गं?" मी म्हटलं, वेडी आहेस का. पण दीड वर्षाचं मूल दोन वर्षांत काय काय विसरतं, हे मला माहीत होतं.

बिऱ्हाड

विद्यापीठापासून सायकलने बारा मिनिटांवर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत चटईची जमीन, तिच्यावर रात्री गाद्या घालायच्या आणि सकाळी घडी करून कपाटात टाकायच्या. मला तर माहेरी आल्यासारखंच वाटलं. लहानपणी आमच्याकडेही हेच होतं. दाराशी चपला काढायच्या हेही आपल्यासारखंच. संडासाच्या सपाता मात्र वेगळ्या, आणि त्या घालून मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात आले. मृणाल एवढ्या जोरात ओरडली, की मला वाटलं गॅस पेटला.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते असं. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन जाते. तिथे उलटं. नव्याने आलेल्यांनीच एकेका दारी जायचं, वाकायचं, हातात एक छोटा टॉवेल नाहीतर बिस्किटांचा पुडा द्यायचा आणि "आमचा त्रास होईल, सांभाळून घ्या" म्हणायचं. मृणाल आधी नको म्हणत होती, कामाचा दिवस जातो म्हणून. पण मी सोडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या ओकुदाबाईंना टॉवेल देताना सईने त्यांचा चष्मा ओढला, आणि तिथेच ओळख झाली. पुढे त्याच ओकुदाबाईंनी आमची अब्रू राखली.

झालं असं, की तिथे कचऱ्याचे वार असतात. जळणारा कचरा दोन वारी, प्लास्टिक एका वारी, बाटल्या-डबे भलत्याच वारी. भिंतीवर चित्रांचा तक्ता लावलेला असतो, वाचता आलं नाही तरी चालतं. पण त्या तक्त्यात नारळ नव्हता! मी करवंट्या बाटल्यांच्या वारी ठेवल्या, कडक असतात म्हणून. गाडी सगळ्यांचं घेऊन गेली आणि आमच्या पिशवीवर लाल कागद चिकटवून ती तिथेच ठेवून गेली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. ओकुदाबाई आल्या, पिशवी उचलली, करवंटी हातात घेऊन उलटसुलट बघितली, तिचा वासही घेतला. मग खळखळून हसल्या आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या वारावर बोट ठेवलं. एक करवंटी त्यांनी ठेवून घेतली. कशाला, ते काही कळलं नाही.

सरकारी कामं मृणालने पहिल्याच आठवड्यात उरकली: वॉर्ड ऑफिसात नाव नोंदवणं, दवाखान्याचा विमा, सायकलीचीसुद्धा नोंदणी. प्रत्येक खिडकीवर माणूस उभा राहून, वाकून, दोन्ही हातांनी कागद घेतो. मी आयुष्यात सरकारी खिडकीसमोर एवढी मोठी झाले नव्हते. नकळत मीही दोन्ही हात पुढे करायला लागले, आणि ती सवय इथे आल्यावरही गेलेली नाही. परवा आमचा दूधवाला म्हणाला, "काकू, पिशवी आहे ती, प्रसाद नाही."

कोबे, एका शनिवारी

खाण्यापिण्याची काळजी करू नका. कोबी, मुळा, भेंडी, वांगी, लाल भोपळा, सगळं मिळतं. मुळा तर मनगटाएवढा जाड आणि सपक, पराठ्याला चांगला. भात चिकट, त्याचा मसालेभात होत नाही, पण दहीभात असा होतो की विचारू नका. शाकाहारी माणसाने मात्र जपून. साध्या दिसणाऱ्या सारातही मासळीचं पाणी असतं.

डाळीसाठी आम्ही समीररावांबरोबर कोबेला गेलो. तिथे आपले लोक कितीतरी वर्षांपासून आहेत. एका गल्लीत छोटं दुकान, तूरडाळ, पोहे, हिंग, सगळं. दुकानदार म्हातारे सिंधी गृहस्थ, तीस वर्षं तिथेच. मी विचारलं, "मुलं काय बोलतात?" म्हणाले, "बहनजी, मुलं माझ्याशी जपानीत भांडतात, मी हिंदीत हरतो."

समीरराव हसले. मृणालला हसू आलं नाही. परतीच्या गाडीत ती सईला मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "भांडतात तरी."

पाळणाघर

पाळणाघर विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच. पंधरा-वीस मुलं, सगळी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची. मुख्य बाई मोरिता सेन्सेई; सेन्सेई म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या बाई. साठीच्या, ठेंगण्या, पायात मोजे आणि गळ्यात शिट्टी. मूल तिथे एकदम ठेवून निघून येता येत नाही. पहिले दिवस एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत, मग दुपारची झोप, आणि झोप जमली की संध्याकाळपर्यंत. नोव्हेंबरअखेर पूर्ण दिवस जमलं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. हे त्यांनी पहिल्याच दिवशी हळू आवाजात, दोनदा वाकून सांगितलं.

सई दारातच माझ्या साडीचा पदर धरून बसे. जेवण नाकारी. नऊ वाजता बाकीची मुलं गाणी म्हणत, तेव्हा ती कोपऱ्यात पेंगे आणि किरकिरे. माझं काळीज तिथेच अडकलेलं असायचं.

प्रत्येक मुलाची एक वही असते. रोज घरून भरून न्यायची आणि तिकडून भरून आणायची. काय खाल्लं, किती झोपली, शी झाली का, सकाळचा ताप किती. बाकी सगळं मृणाल रात्रीच जपानीत लिहून ठेवायची; जायच्या आधी ती ते शिकून घेतलेली होती. सकाळी साडेसातला ती प्रयोगशाळेत जायची, म्हणून तापाची चौकट तेवढी माझ्याकडे. पहिल्या दिवशी तिने स्वतः थर्मामीटर लावून दाखवला आणि ३६.५ लिहिलं.

"फक्त आकडा टाकायचा, आई. आकडे सगळीकडे सारखेच आहेत."

आता माझी चूक सांगते. आपल्याकडे ताप म्हणजे शंभर, एकशे एक, एकशे दोन. छत्तीस पॉइंट पाच हा आकडा मी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटलं, अंग गरम नाही हे लिहायची ही त्यांची रीत असावी, फॉर्मवर 'लागू नाही' लिहितात तशी. दुसऱ्या दिवशी सई थर्मामीटर काखेत राहू देईना, रडून लाल झाली. मी कपाळाला हात लावला. गार होतं. मग बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उत्तर आम्ही शाळेत वहीत उतरवायचो, तसं मी ३६.५ उतरवलं. तिसऱ्या दिवशीही. आकडा माझ्याकडून वळणदार येतो, ह्याचं मला जरा कौतुकसुद्धा वाटत होतं.

अकरा दिवसांनी सईला आणायला गेले, तेव्हा मोरिता सेन्सेईंनी मला एक छोटं पाकीट दिलं. आत नवाकोरा थर्मामीटर आणि चिठ्ठी. संध्याकाळी मृणालने वाचली. "तुमचा थर्मामीटर बहुधा बिघडला असावा. इथे आल्यावर सईचा ताप रोज घरच्या आकड्यापेक्षा जास्त भरतो. तूर्त हा वापरावा." तिने वहीची पानं मागे उलटत नेली.

"आई, हे तू रोज मोजत होतीस?"

"हात लावून बघत होते की."

"हात लावून पॉइंट पाच कसं कळतं गं?"

ती आधी हसली, मग खालीच बसली. म्हणाली, "असू दे. बिघडला असेल असं त्याच म्हणतायत. 'हो, बिघडलाय' एवढं लिहिते. उद्यापासून नीट मोज. विषय संपला."

"खरं सांगायला नको?"

"इथे असं तोंडावर सांगत नाहीत. त्यांनी आपल्याला वाट करून दिलीये. तिच्यातून गुपचूप निघायचं. सोमवारपासून सईला झोपायला ठेवणार आहेत, आई. सोमवारपासून!"

"तू लिहिशील गं. पण त्या बाई रोज दारात मला भेटतात. त्यांनी पदरचा नवा थर्मामीटर दिला, तो मी कोणत्या तोंडाने वापरू? आणि आपल्या त्या जुन्या थर्मामीटरचा तरी काय दोष?"

सकाळी प्रयोगशाळेत उशिरा येते असं कळवून मृणाल माझ्याबरोबर आली.

पाळणाघराच्या दारात मी पिशवीतून जुना थर्मामीटर काढला, सईच्या काखेत धरला, तो वाजला, आणि आकडा सेन्सेईंना दाखवला. चालतोय. मग वहीतल्या अकरा चौकटींवर एकेक करून बोट ठेवलं, आणि शेवटी स्वतःच्या कपाळावर हात. मृणालने तोंड उघडायच्या आधीच त्यांना समजलं. त्यांनी दातांतून श्वास आत ओढला. अडचण आली की तिथले लोक असं करतात. मग त्या मृणालशी बराच वेळ सावकाश बोलल्या. मृणालचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, म्हणजे अकरा दिवस आम्हाला सई माहीतच नव्हती."

प्रत्येक मुलाचा आपापला आकडा असतो, त्या म्हणाल्या. एखाद्याचा छत्तीस चार, एखाद्याचा सदतीस. तो घरून कळतो, म्हणून मूल झोपेत असताना काही बिनसलं तर लक्षात येतं. सईचा आकडा माहीत नसताना तिला झोपवायची जबाबदारी कशी घ्यायची? सात खऱ्या सकाळी बघू, मग झोपेचं ठरवू. आणि त्या मला वाकल्या, मृणालपेक्षा जास्त खाली. चौकट कशासाठी आहे हे तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं, म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर मृणालने सायकलीचं कुलूप काढलं. "बोलली नसतीस तर सोमवारी झोपली असती ती तिथे."

"हो."

"महिनाअखेर किती दिवसांवर आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

ती निघून गेली. रस्ताभर गिंकोच्या पिवळ्या पानांचा सडा पडला होता, कुणी तरी तो झाडूनही ठेवत होतं. मी बराच वेळ तिथे उभी होते. खरं बोलून मी माझ्याच लेकीचं मूल तिच्यापासून तोडते आहे की काय, असं मनात येत होतं. देवाचं नाव घेतलं आणि घरी आले. दुसरं काय करणार?

सात सकाळी

रोज मी सईला मांडीत दाबून, "इथे इथे बैस रे मोरा" म्हणत थर्मामीटर लावू लागले. पहिल्या दिवशी ३७.२. मग ३७.३. पुन्हा ३७.३. चौथ्या दिवशी ३७.४. पाळणाघराची मर्यादा ३७.५, तिथपासून पुढे मूल घेत नाहीत.

पाचव्या दिवशी ३७.५ आलं. पोर ठणठणीत होती, पोह्यातले शेंगदाणे वेचून मला भरवत होती. कपाळ हाताला गारच. पेन घेऊन मी किती वेळ बसले असेन, देव जाणे. एक चार काढला की काम झालं असतं. तो मी काढला नाही, पण धैर्याने वगैरे म्हणू नका; मला त्या बाईंचं वाकणं आठवत होतं. ३७.५ लिहिलं आणि परत पाठवणार हे माहीत असूनही बाबागाडी ढकलत गेले.

मोरिता सेन्सेईंनी आकडा वाचला. सईच्या मानेत हात घातला. मग तिचं जाकीट काढलं. आत स्वेटर. तो काढला, आत आणखी एक स्वेटर. मग फ्रॉक, मग गंजिफ्रॉक. शेवटी कानटोपी काढली. आजूबाजूच्या आया बघत होत्या. त्यांची मुलं त्या थंडीत अर्ध्या चड्डीत, उघड्या पोटऱ्यांनी पळत होती. टोपीखाली केस ओले होते. सेन्सेईंनी केसांचा वास घेतला, भुवया उंचावल्या, आणि सरळ मृणालला फोन लावून तिच्याशी बोलल्या, मग फोन माझ्या हातात दिला.

"आई, तू तिला सकाळी अंघोळ घालतेस का, असं विचारतायत."

"म्हणजे? मग अंघोळ कधी घालतात?"

"रात्री घालतात इथे. तू तेल वगैरे..."

"तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. मग गच्च गुंडाळून आणते. तुलाही तसंच केलं होतं, चांगली दोन-दोन तास झोपायचीस!"

मृणाल हळू म्हणाली, "आई, म्हणून ती नऊला पेंगते. म्हणून दुपारी टक्क जागी असते."

मी फोन परत दिला. तिने ते सेन्सेईंना सांगितलं असावं, कारण त्या "आआ" म्हणत मान हलवत राहिल्या, हलवतच राहिल्या. अर्धा तास सईला एका फ्रॉकवर बसवून त्यांनी पुन्हा थर्मामीटर लावला. ३६.९. वहीत त्यांनी तो माझ्या आकड्याशेजारी लिहिला, माझा न खोडता, आणि सईला आत घेतलं.

त्या दिवसापासून अंघोळ संध्याकाळी. मृणाल सहाला यायची, तोवर मी पाणी काढून ठेवायची. तेल ती लावायची, अंघोळ मी घालायची. सई गादीला पाठ लागताच झोपू लागली. सकाळचे आकडे उतरले: ३६.८, ३६.९, ३६.८. बाळंतिणीच्या खोलीत शिकलेलं शास्त्र सहा हजार किलोमीटरवर जसंच्या तसं चालत नाही, एवढं मी शिकले. नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आयांनो, अंघोळीची वेळ तिथल्यांना आधी विचारा. कानटोपी न्या, पण पिशवीत राहू द्या.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना वहीत तिकडून एक ओळ आली. मृणालने बूट न काढता दारातच वाचली. "आज सई एक तास दहा मिनिटं झोपली." तिने ती मला तीनदा वाचून दाखवली, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिला पुढचं वाचता येईना. समीररावांना फोन मीच केला.

निघताना

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी सई पूर्ण दिवस राहिली, जागा टिकली, आणि डिसेंबरात ते रोजचंच झालं. मी दिवसभर घरी एकटी. ओकुदाबाईंकडे जाऊन बसायची. त्या मला कागदाच्या घड्या शिकवायच्या, मी त्यांना शंकरपाळे. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, आणि दुपार कशी जायची तेही कळत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मृणाल म्हणाली, "आज घरच्या निरोपाच्या रकान्यात तू लिही. मराठीत लिही, मी खाली अर्थ देते." मी नाही नाही म्हणत लिहिलं: "मी उद्या घरी जाते. तुम्ही मुलीला सांभाळलंत, मला सांभाळून घेतलंत. उपकार आहेत." दोन ओळींना मला अर्धा तास लागला.

संध्याकाळी वही परत आली. मला वाटलं, छानसा निरोप असेल. मी हातातलं काम टाकून जवळ जाऊन बसले.

"काय लिहिलंय गं?"

मृणालने वाचलं. "आजी, प्रवास सुखाचा होवो. उद्यापासून सकाळचा ताप कोण मोजणार आहे, ते कृपया कळवावे."

आम्ही दोघी हसलो, सईही हसली, आम्ही हसतो म्हणून. मग मृणालने पेन घेतलं आणि खाली जपानीत स्वतःचं नाव लिहिलं. प्रयोगशाळेत आता तासभर उशिरा येऊ का, हे तिने तिच्या प्रोफेसरांना कधी विचारून ठेवलं होतं, मला माहीतही नव्हतं. वही मिटून ती म्हणाली,

"आई, थर्मामीटर कुठे ठेवतेस तू?"

मी उठले आणि तिला जागा दाखवली.